श्वासाचं ध्यान नियमित करूनही मीटिंगमधली धडधड का जात नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात आहात, दर आठवड्याला पाळी बदलते. गेले अडीच महिने मोबाइलवरच्या अ‍ॅपच्या मदतीनं रोज वीस मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायचा सराव चालू आहे. घरातली चिडचिड कमी झाली, झोपही लवकर लागते. पण महिन्याच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये प्लांट हेड आणि कस्टमरच्या माणसांसमोर रिजेक्शनचे, म्हणजे नाकारलेल्या मालाचे, आकडे मांडायला उभं राहिलं, की छाती पूर्वीइतकीच धडधडते, तळहात ओले होतात, आवाज कापतो. सकाळी आठला कॉर्टिसोल या ताणाच्या हार्मोनची रक्ततपासणी केली, ती १४ आली, लॅबच्या कागदावर नॉर्मल. आता तुम्ही विचारताय की मनाच्या सरावानं मेंदू आणि हार्मोन बदलतात हे खरं आहे का, असेल तर माझे का बदलले नाहीत, एमआरआय करून बघावा का, की हे सगळं सोडून द्यावं.

सोडू नका. सराव वाया गेलेला नाही, फक्त अर्धा झालाय. आणि तो मोजायला तुम्ही जी खूण धरली आहे, म्हणजे छातीची धडधड, ती खूण या कामाची नाही. एमआरआयचं आणि रक्ततपासणीचं पुढे बोलूच. आधी शरीरात काय चालतं ते नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा सराव त्यावर बेतलेला आहे.

ताण आला की शरीरात दोन यंत्रणा चालू होतात आणि दोघींचा वेग पूर्ण वेगळा असतो. पहिली मज्जातंतूंची. तुमचं नाव पुकारलं गेलं की दोन-चार सेकंदांत हृदयाचा वेग वाढतो, घाम सुटतो, तोंड कोरडं पडतं. त्याच वेळी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या आतल्या भागातून अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं. ते टिकतं फार थोडं, दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. दुसरी यंत्रणा संथ. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो, पिट्युटरीकडून रक्तातून अ‍ॅड्रिनलच्या बाहेरच्या थराला, आणि तिथून कॉर्टिसोल सुटतं. ताण सुरू झाल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांनी त्याची पातळी शिखरावर पोचते. म्हणजे तुम्ही आकडे मांडून खाली बसता, पाणी पिता, शेजाऱ्याशी बोलायला लागता, तेव्हा कॉर्टिसोल सगळ्यात जास्त असतं. ते निम्मं व्हायला तास-सव्वा तास लागतो.

यातली धडधड तुम्हाला जाणवते. कॉर्टिसोल जाणवत नाही. पण वर्षानुवर्षांचं नुकसान जास्त करून या दुसऱ्या, संथ यंत्रणेच्या वाट्याचं असतं. कॉर्टिसोल हे मुळात वाईट हार्मोन नाही, ही गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण 'कॉर्टिसोल शून्यावर आणा' छापाच्या जाहिराती सध्या फार दिसतात. सकाळी अंथरुणातून उठायला, रक्तात साखर सोडायला, सूज आटोक्यात ठेवायला ते लागतंच. रोज जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप वाढतं, मग दिवसभर उतरत जातं आणि रात्री झोपेच्या पहिल्या भागात तळाला असतं. बिघाड होतो तो ते उतरायचं थांबलं की. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात कॉर्टिसोल पकडणारी ग्राहकं (रिसेप्टर) भरपूर असतात. ब्रूस मॅकयुअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली उंदरांवर हे दाखवलं, तेव्हापासून ताणाचा अभ्यास फक्त ग्रंथींचा न राहता मेंदूचाही झाला. हिप्पोकॅम्पस आठवणी सांभाळतो आणि 'आता पुरे, कॉर्टिसोल थांबवा' हा निरोपही देतो. ताण सततचा झाला की हा निरोपच कमकुवत होतो.

आता तुमच्या मीटिंगकडे येऊ. कुठल्या ताणानं कॉर्टिसोल सगळ्यात जास्त वाढतं? डिकरसन आणि केमेनी या दोघींनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतले २०८ अभ्यास एकत्र करून हा प्रश्न तपासला. उत्तर स्पष्ट होतं: दुसरं कुणीतरी आपली लायकी जोखतंय आणि परिणाम आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसोल सर्वाधिक वाढतं आणि उतरायलाही जास्त वेळ घेतं. अवघड गणित, मोठा आवाज किंवा नुसतं जास्त काम यानं तितकं होत नाही. तुमच्या रिव्ह्यूमध्ये दोन्ही गोष्टी हजर आहेत. ब्लो होल, म्हणजे ओतलेल्या धातूतली वायूची भोकं, वाळूमुळे आले की मेल्टिंगमुळे हे तुमच्या हातात नाही, पण उभं राहून उत्तर मात्र तुम्हाला द्यायचं आहे, तेही कस्टमरसमोर.

संशोधनातही नेमका असाच प्रसंग घडवतात. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली बसवलेली ही चाचणी आहे. थोडी तयारी, मग चेहऱ्यावर काहीही न दाखवणाऱ्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण, मग पाच मिनिटं मोठ्यानं तोंडी वजाबाकी, हजाराच्या वरच्या आकड्यातून तेरा-तेरा वजा करत जायचं, चुकलं की पहिल्यापासून. अधूनमधून लाळेचे नमुने घेऊन त्यातलं कॉर्टिसोल मोजतात.

हीच चाचणी लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत टानिया झिंगर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात वापरली गेली. नऊ महिन्यांचा सराव, तीन-तीन महिन्यांचे तीन टप्पे, रोज अर्ध्या तासाच्या आसपास. एक टप्पा लक्षाचा: श्वास आणि शरीरातल्या संवेदना, म्हणजे तुम्ही आज करताय तेच. दुसरा भावनांचा: मैत्रीभावनेचं ध्यान आणि त्याबरोबर रोज जोडीदाराशी ठरावीक पद्धतीनं बोलणं-ऐकणं. तिसरा दृष्टिकोनाचा: स्वतःच्या विचारांकडे बाहेरून पाहणं आणि पुन्हा जोडीदाराबरोबर एक वेगळा सराव. ताणाच्या चाचणीला ३१३ जण बसले आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या निष्कर्षांत आहे. तिन्ही प्रकारच्या सरावानंतर लोकांना ताण कमी जाणवला. पण कॉर्टिसोल खरोखर कमी सुटलं ते फक्त भावनांच्या आणि दृष्टिकोनाच्या टप्प्यांनंतर, आणि ते थेट ५१ टक्क्यांपर्यंत. नुसत्या लक्षाच्या टप्प्यानं चाचणीतलं कॉर्टिसोल हललं नाही. आणि हृदयाची गती? ती कुठल्याच टप्प्यानं फारशी बदलली नाही. तेव्हा मीटिंगमधली धडधड कायम आहे यावरून सराव फसला असं ठरवताच येत नाही. ज्यांचं कॉर्टिसोल निम्म्यावर आलं, त्यांचीही छाती धडधडतच होती.

असं का होत असेल? माझ्या समजुतीप्रमाणे, आणि त्या संशोधकांचाही रोख हाच आहे, रोज दहा मिनिटं दुसऱ्या माणसासमोर स्वतःच्या अडचणीचं बोलायचं आणि त्यानं मत न देता ऐकायचं, यातून 'समोरच्यापुढे उघडं पडलं तरी काही वाईट होत नाही' हे मेंदू शिकतो. एकट्यानं डोळे मिटून बसल्यावर हा धडा मिळायला जागाच नसते. आपल्याकडे गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतल्या कुठल्याही पोराला विचारा: नुसते जोर-बैठका मारून दम वाढतो, पण कुस्तीची सवय मातीत जोड धरल्याशिवाय होत नाही. तुमचे अडीच महिने जोर-बैठकांचे झालेत. ते लागतातच. त्या प्रकल्पातही बऱ्याच जणांनी पुढच्या टप्प्यांच्या आधी लक्षाचा टप्पा पुरा केला होता.

इथे थोडं सावधही राहायला हवं. ती माणसं निरोगी होती, वीस ते पंचावन्न वयाची, स्वतःहून आलेली, युरोपातली. पाळ्यांत काम करणाऱ्या कोल्हापूरच्या माणसाला टक्का तोच लागू पडेल असं मी म्हणणार नाही. शिवाय त्या टप्प्यांत जोडीच्या सरावाबरोबर मैत्रीभावनेचं ध्यानही होतं, त्यामुळे फरक नेमका कशानं पडला हे वेगळं काढता येत नाही. म्हणून मी दोन्ही देते.

अडीच महिन्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. याच प्रकल्पात लोकांच्या केसांतलं कॉर्टिसोलही मोजलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळाजवळच्या तीन सेंटिमीटरमध्ये मागच्या तीन महिन्यांची सरासरी सापडते. ते सहा महिन्यांच्या सरावानंतर सरासरी २५ टक्क्यांनी उतरलं, आणि इथे सराव कुठला यानं फरक पडला नाही. पहिल्या तीन महिन्यांत घट किरकोळ होती, खरी उतरण पुढच्या तीन महिन्यांत झाली. तुम्ही अजून त्या किरकोळ काळात आहात.

मेंदूचं म्हणाल तर तोही बदलतो, पण बदल किती आणि कुठे याबद्दल इंटरनेटवर जे चालतं त्यातलं बरंच अतिरंजित आहे. लाइपझिगच्या प्रकल्पात एमआरआयवर मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी मोजली. लक्षाच्या टप्प्यानंतर कपाळामागच्या, लक्ष सांभाळणाऱ्या भागांत वाढ दिसली. भावनांच्या टप्प्यानंतर शरीरातल्या संवेदना आणि भावना जोडणाऱ्या इन्सुलाच्या आसपास, तर दृष्टिकोनाच्या टप्प्यानंतर दुसऱ्याचं मन ओळखायला लागणाऱ्या कपाळाच्या आणि कानामागच्या भागांत. जो सराव, तो भाग. याउलट, आठ आठवड्यांच्या ठरावीक माइंडफुलनेस कोर्सनं मेंदूची रचना बदलते का, हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात २१८ जणांवर काळजीपूर्वक तपासलं, आणि २०२२ मध्ये उत्तर आलं: बदल दिसत नाही. दोन्ही निष्कर्ष मला खरे वाटतात. कालावधी वेगळा, सराव वेगळा, मोजण्याची पद्धत वेगळी. 'आठ आठवड्यांत नवा मेंदू' असं कुणी विकत असेल तर पैसे देऊ नका.

आणि म्हणूनच स्वतःचा एमआरआय काढू नका. मेंदूचा हा थर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा असतो आणि बदल त्याच्या अगदी लहान अंशाचा. तो शेकडो माणसांची सरासरी काढल्यावर गणितातून दिसतो. एका माणसाच्या नेहमीच्या एमआरआयवर रेडिओलॉजिस्टला तो दिसत नाही, रिपोर्ट आधीही नॉर्मल येईल आणि नंतरही.

रक्तातल्या कॉर्टिसोलचं थोडं सविस्तर सांगते, कारण ही तपासणी राजारामपुरीतल्या कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होते आणि लोक ती ताण मोजायला करून घेतात. सकाळी आठच्या नमुन्याची नेहमीची मर्यादा साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. इतकी रुंद मर्यादा असण्याचं कारण म्हणजे ही तपासणी अ‍ॅड्रिनल ग्रंथी बंद पडलीय का किंवा भलतीच सुटलीय का, या आजारांच्या पहिल्या चाळणीसाठी आहे. नोकरीतला ताण त्यात दिसत नाही. तुमचे १४ हे 'ग्रंथी ठीक दिसतात' एवढंच सांगतात. 'ताण मनाचाच खेळ आहे' असा अर्थ त्यातून काढू नका.

शिवाय तुमच्यासारख्या पाळीवाल्याचा आकडा सहज चकवतो. रात्रपाळी करून सकाळी आठला रक्त दिलं तर ते घड्याळाचं आठ असतं, तुमच्या शरीराचं नसतं. सुईची भीती असेल तर तेवढ्यानंही पातळी चढते. सगळ्यात जास्त चुकतं ते स्टेरॉइडमुळे: भट्टीजवळ घामात काम करणाऱ्यांना जांघेत नायटा होतो, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणली जाते, आणि तिच्यात बीटामेथॅसोन किंवा क्लोबेटासोल असतं. महिनोन्‌महिने ती लावली तर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं. मग आकडा कमी येतो आणि माणूस 'ध्यानानं कमी झालं' म्हणून खूश होतो. अशी ट्यूब वापरत असाल तर डॉक्टरांना दाखवा, आणि बरेच महिने वापरली असेल तर अचानक बंदही करू नका. तपासणीला पैसे घालायचेच असतील तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि रक्तदाब बघा. थायरॉइड वाढलेलं असेल किंवा रक्त कमी असेल तर कितीही ध्यान केलं तरी धडधड जाणार नाही. चढ चढताना छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर आधी ईसीजी.

आता सराव. वेळ वाढवायची नाही. वीस मिनिटांतली दहा श्वासाला ठेवा, उरलेली दहा जोडीच्या सरावाला द्या. पाळी कुठलीही असो, श्वासाचा भाग झोपून उठल्यावर तासाभरात करा, मग ते सकाळचे सहा असोत की दुपारचे तीन. अंथरुणात बसून करू नका, डुलकी लागते आणि पुढे अंथरूण व झोप यांची सांगड बिघडते.

जोडीचा सराव असा. दोघं समोरासमोर, तीन-चार फुटांवर. भेट जमत नसेल तर फोनवर, पण मेसेजवर नाही. अडीच मिनिटांचा टायमर. पहिला बोलतो: मागच्या चोवीस तासांतला एक अवघड क्षण. कोण चुकलं, कोण काय म्हणालं याचा पाढा वाचायचा नाही. त्या वेळी शरीरात काय झालं, घसा आवळला का, पोटात गोळा आला का, राग होता की लाज होती, हे सांगायचं. टायमर वाजला की पुढची अडीच मिनिटं त्याच चोवीस तासांतला असा क्षण, ज्याबद्दल बरं किंवा कृतज्ञ वाटलं, पुन्हा शरीरासकट. मग बोलणाऱ्यानं ऐकायचं आणि ऐकणाऱ्यानं बोलायचं. एकूण दहा मिनिटं. आठवड्यातले पाच दिवस. ऐकणाऱ्यानं पूर्ण वेळ गप्प राहायचं. 'हं हं' नाही, मान डोलावणं नाही, सल्ला नाही, 'माझंही असंच झालं होतं' नाही. संपल्यावर आभार मानायचे आणि त्या विषयावर त्या दिवशी चर्चा करायची नाही.

बिघडतं ते जवळजवळ नेहमी ऐकण्याच्या बाजूनं. आपली सवय कट्ट्यावरची असते. मित्रानं अडचण सांगितली की कुणीतरी त्याची थट्टा करतो, कुणी 'सोड रे, त्यात काय एवढं' म्हणतो, कुणी लगेच उपाय सांगतो. प्रेमापोटीच सगळं, आणि कट्ट्याची ती मजाही आहे. पण या दहा मिनिटांत तो प्रकार आला की बोलणारा पुन्हा जोखला जातो आणि सरावाचा गाभाच जातो. पहिला आठवडा गप्प बसणं अवघड वाटेल, चेहरा ताठ वाटेल, तेही चालेल. दुसरी चूक विषयाच्या निवडीत होते. सुरुवातीला दहापैकी तीन-चार तीव्रतेचाच प्रसंग घ्या. महापुरात घर गेलं, वडील गेले, असले प्रसंग इथे काढू नका. ते काम तज्ज्ञासमोर बसून करायचं आहे.

जोडीदार कोण? तुमच्या वरचा किंवा हाताखालचा नको. पत्नी चालते, पण मग प्रसंग एकमेकांबद्दलचा नको आणि घरखर्चाचाही नको. दुसऱ्या खात्यातला समवयस्क, जुना वर्गमित्र, रंकाळ्यावर सकाळी भेटणारा कुणी, असं पाहा. लाइपझिगला जोडीदार दर आठवड्याला बदलत असत. ते जमलं तर उत्तम, कारण तुमची अडचण अनोळखी नजरेचीच आहे. निदान महिन्याला एक बदल करा. आणि ऐकलेलं बाहेर जाणार नाही, हे दोघांनी पहिल्या दिवशी तोंडानं कबूल करायचं.

रोज बोलायला कुणी मिळालंच नाही, रात्रपाळीच्या आठवड्यात तसं होणारच, तर त्या दिवशी दहा मिनिटं मैत्रीभावनेचं ध्यान करा. आधी ज्याच्याबद्दल सहज माया वाटते असं कुणी डोळ्यांसमोर आणा, लहान मूल चालेल, आणि 'तू सुखात असावंस, सुरक्षित असावंस' असं मनात म्हणा. छातीत थोडी ऊब जाणवली की तीच भावना स्वतःकडे वळवा, मग ओळखीच्या पण ना मित्र ना शत्रू अशा माणसाकडे, गेटवरच्या वॉचमनकडे म्हणा. प्लांट हेडपर्यंत यायला तीन-चार आठवडे लागू द्या. पहिल्याच दिवशी त्यांना घेतलंत तर दहा मिनिटं मनातल्या मनात भांडण होईल.

पाचव्या आठवड्यापासून त्याच जोडीत दुसरा प्रकार आणा. अलीकडचा एखादा प्रसंग आपल्याच मनातल्या एका बाजूच्या तोंडून सांगायचा: काळजी करणारा, हिशेब ठेवणारा, सगळ्यांना खूश ठेवू पाहणारा. बाजू कोणती ते आधी सांगायचं नाही, ऐकणाऱ्यानं ओळखायचं. आठवड्यातून एकदा रिव्ह्यू मीटिंगच प्लांट हेडच्या बाजूनं सांगा. त्यांना कुठल्या डेबिट नोटची, म्हणजे कस्टमरनं पैसे कापण्याची, धास्ती आहे, कस्टमरनं त्यांना फोनवर काय ऐकवलं असेल. समोरचा माणूस आपल्याला जोखतोय एवढंच न दिसता त्याच्यावरचा भारही दिसायला लागतो, आणि मीटिंगमधले प्रश्न अंगावर आल्यासारखे वाटणं कमी होतं.

नवव्या आठवड्यापासून रंगीत तालीम. तीन माणसं टेबलामागे, चेहरे कोरे. पाच मिनिटं तयारी, पाच मिनिटं उभं राहून या महिन्याचे रिजेक्शनचे खरे आकडे मांडायचे, मग पाच मिनिटं त्यांचे आडवे प्रश्न. आठवड्यातून एकदाच, चार वेळा, आणि दर वेळी माणसं किंवा खोली बदलायची. एकाच प्रसंगाला पुनःपुन्हा सामोरं गेलं की बहुतेकांचं कॉर्टिसोल दुसऱ्या वेळेपासूनच कमी सुटायला लागतं, धडधड मात्र तितक्या लवकर हटत नाही. म्हणूनच लाइपझिगच्या प्रकल्पात प्रत्येकाला ताणाची ती चाचणी एकदाच दिली. आपल्याला इथे सवयच हवी आहे, पण ती एकाच खोलीची आणि त्याच तीन चेहऱ्यांची होऊ नये म्हणून बदल. पूर्वी पॅनिकचे झटके आले असतील तर ही पायरी स्वतःच्या मनानं करू नका.

मीटिंगच्या दिवसासाठी वेगळं थोडंसं. खोलीत जाण्याआधी पाच मिनिटं संथ श्वास: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा. बाहेर सोडताना हृदयाचा वेग उतरतो, त्यामुळे सोडणं लांब ठेवायचं. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही फार खोल घेताय आणि कार्बन डायऑक्साइड कमी झालाय. वेग तोच ठेवा, श्वास उथळ करा. कपालभाती किंवा भस्त्रिका त्या वेळी नको, त्या अंगात जोर आणतात. आधीचा एक तास चहा नको, आणि तंबाखू किंवा मावा असेल तर तोही नको: निकोटिन आणि कॅफिन दोन्ही नाडी वाढवतात, कॉर्टिसोलही. रात्रपाळीला जागं राहायला घेतलेला शेवटचा चहा झोपेच्या सहा तास आधी संपवा, कारण कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास जातात. झोप साडेपाच तासांच्या खाली राहत असेल तर वरच्या कुठल्याही सरावाआधी ती दुरुस्त करा.

मीटिंगनंतरचा अर्धा तास बहुतेक जण सोडून देतात, आणि कॉर्टिसोल तेव्हाच शिखरावर असतं. 'मी तसं का बोललो' हे मनात घोळवत राहिलं तर शरीराला मीटिंग अजून चालूच वाटते. तीन ओळी लिहा: काय विचारलं, काय उत्तर दिलं, पुढचं काम काय. मग दहा मिनिटं कारखान्याच्या शॉपमधून चालून या.

प्रगती मोजायला वही पुरते. दर मीटिंगला चार नोंदी. सुरुवातीची धडधड दहापैकी किती. संपल्यावर नाडी नेहमीच्या आकड्याच्या दहा ठोक्यांच्या आत यायला किती मिनिटं लागली. रात्रीपर्यंत ती मीटिंग मनात किती वेळा पुन्हा आली. आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं का, की भलतंच बोललो. पहिली नोंद फारशी हलणार नाही हे धरून चाला. दुसरी आणि तिसरी बघायची. यातलं काही कॉर्टिसोलचं थेट माप नाही, पण सावरायला लागणारा वेळ तुमच्या रोजच्या जगण्याशी जास्त जवळचा आहे. तीन मीटिंगांनंतरच तुलना करा, एकीवरून काही ठरवू नका. ज्या महिन्यात मोठा लॉट परत आलाय, तो वेगळा मोजा.

दोन अटी मात्र स्पष्ट सांगते. मीटिंगमध्ये शिवीगाळ होत असेल, दुसऱ्या खात्याची चूक तुमच्या नावावर टाकली जात असेल, तर तो प्रश्न तुमच्या मेंदूचा नाही. सरावानं तुम्ही तिथे शांतपणे उभे राहाल, पण तक्रार लेखी द्यावी लागेल किंवा नोकरी बदलावी लागेल, आणि तो निर्णय पुढे ढकलण्यासाठी ध्यान वापरू नका. दुसरं, डोळे मिटल्यावर शांत होण्याऐवजी भीती वाढत असेल, जुने भयंकर प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, आपण आपल्या शरीराबाहेर आहोत असं वाटत असेल, तर सराव थांबवा. काही जणांना असं होतं, त्यात तुमचा दोष नाही. डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीला टेकवून, दोन-तीन मिनिटांपुरताच करून बघा, तरी होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही सोय आहे. दोन आठवडे सलग उदास वाटत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर कोणत्याही वेळी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर सराव चांगला चाललाय म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका.

तर या आठवड्यात करायचं एवढंच: अ‍ॅपवरचा टायमर दहा मिनिटांवर आणा आणि जोडीदार शोधा. जोडीचा सराव चार आठवडे झाले की वहीतल्या नोंदी इथेच टाका. ऐकण्यात काही चुकत असेल तर ते बहुधा त्या नोंदींवरूनच सांगता येईल, आणि दृष्टिकोनाचा प्रकार लगेच सुरू करायचा की आणखी दोन आठवडे थांबायचं हेही तेव्हाच ठरवू.